आठे बी, तठे बी

मास्तर, आज शनिवार. दुपारी माझी नात शाळेतून परस्पर माझ्याकडे आली, दप्तर कॉटवर फेकलं आणि पाणी प्यायच्या आधी मला म्हणाली, "आजी, पप्पांना सांग, मम्मी म्हणते माझा स्वेटर त्यांच्याकडेच राहिलाय आणि तो त्यांनी धुऊन पाठवायचा." माझा मुलगा आणि सून वर्षभरापासून वेगळे राहतात. दोघंही नंदुरबारातच, एक स्टेशनच्या अलीकडे आणि एक पलीकडे. दोघं शिकलेले, दोघांच्या घरी फोन, आणि स्वेटरचा निरोप आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडून. मला इतका राग आला की गॅसवर भाजायला ठेवलेलं वांगं विसरले आणि ते पार कोळसा झालं. पोरगी मात्र निरोप देऊन मोकळी झाली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली, मी रागावले ते आईवर की बापावर हे ताडत. ते बघणं मला ओळखीचं आहे. म्हणून तुम्ही आठवलात, आणि मुलगा तिला न्यायला येईपर्यंत हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला ओळखणारं गावात आता कुणी उरलेलं नाही.

तुम्ही तापीकाठच्या आमच्या प्रकाशा गावी आलात तेव्हा मी दुसरीत होते. महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन-चार वर्षं होती. देवळामागच्या धर्मशाळेत शाळा भरायची आणि तिच्याच कोपऱ्यात एका मेजावर पोस्ट. मास्तरही तुम्हीच आणि पोस्टमास्तरही तुम्हीच. टपालाची पिशवी आली की आमच्या बेरजा थांबायच्या आणि तुम्ही शिक्के मारायला बसायचात. त्या ठपठप आवाजावर मागची पोरं ताल धरायची. तुम्ही घाटावरचे, म्हणजे देशावरचे, गोरेपान, नाकात बोलणारे. आमची अहिराणी तुम्हाला यायची नाही, पण हौस दांडगी. वाक्याच्या शेवटी 'शे', म्हणजे 'आहे', लावलं की झाली अहिराणी, असा तुमचा समज होता. "मुलांनो, पाढे पाठ करा शे," असं तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात आणि सगळी शाळा पोट धरून हसली. तुम्हीही हसलात. मुलींत आम्ही तिघीच होतो आणि आम्हाला तुम्ही पुढे, मेजाजवळ बसवायचात. मेजावर लाखेचा वास यायचा. तो वास मला अजून आवडतो.

माझ्या आईबापाची फारकत त्याआधीच झाली होती. आमच्यात ती पंचांसमोर व्हायची. पंचांनी गवताची काडी मोडली आणि दोन तुकडे दोन बाजूंना टाकले, झालं. भांडण कशावरून पेटलं ते मला आजही नीट माहीत नाही. बाप तापट होता आणि आई हट्टी होती, एवढं मात्र खरं. आई नदीपल्याड मामाच्या घरी गेली. पंचांनी असं ठरवलं की पोरगी बापाकडे राहील, शाळा शिकेल, आणि शनिवारी दुपारी नावेतून आईकडे जाऊन सोमवारी सकाळी परत येईल. पंच एवढं ठरवून उठले आणि पुढचं सगळं माझ्यावर पडलं. एकदा बापासमोर जेवताना मी म्हणाले की आईने डिंकाचे लाडू केले होते. बापाने घास ताटात ठेवला आणि हात धुऊन बाहेर गेला. एकदा आईला सांगितलं की आपल्याकडे नवी गोऱ्ह्यांची जोडी आली. 'आपल्याकडे' म्हटल्यावर आईने तांब्या असा आपटला की त्याला पोचा आला. तेव्हापासून मी एका काठावरची गोष्ट दुसऱ्या काठावर न्यायचं सोडून दिलं. नावेत बसलं की तोंड मिटायचं. मोठी माणसं म्हणायची, पोर किती समजूतदार आहे.

त्या पावसाळ्यात मला हिवताप धरला. एक दिवस हुडहुडी, एक दिवस बरं, पुन्हा हुडहुडी. सरकारी कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या तेव्हा पोस्टात मिळायच्या, म्हणजे तुमच्याच मेजावर. बाप येऊन घेऊन गेला. बाजाराच्या दिवशी मामाही येऊन घेऊन गेला. बापाला वाटायचं, त्या घरात पोरीकडे कोण बघतंय, आपणच द्यावं. आईला वाटायचं, त्या घरात औषधाचं कोणाला सुचतंय, आपणच द्यावं. बाप ते गुळात घालून द्यायचा, आई केळ्यात. मी दोन्हीकडे गुपचूप गिळायचे. इकडचं तिकडे सांगायचं नाही हे मी शिकले होते ना, आणि ते फार चांगलं शिकले होते.

मग तो दिवस. तुम्ही मला तेराचा पाढा विचारला. मी तुमच्याकडे बघत बसून राहिले. तुम्ही पुन्हा विचारलंत, मी पुन्हा बघत राहिले. तुम्ही उठलात आणि माझ्या पाठीत धपाटा घातलात. तुमच्या हातचा मला मिळालेला तो एकच. "मास्तर विचारतो आणि तू तोंड बघतेस?" असं तुम्ही म्हणाला असणार, कारण नंतर मैत्रिणीने तसं सांगितलं. मी रडले नाही. मी तुमच्या ओठांकडेच बघत होते, आणि ते तुमच्या ध्यानात आलं. तुमचा चेहरा एकदम उतरला. तुम्ही खाली बसलात, माझ्या कानाजवळ तोंड आणलंत आणि मोठ्याने विचारलंत, काय होतंय.

"मास्तर, मन्हा कानमा भुंगा शे."

तुम्ही मला ओसरीच्या उजेडात नेलं आणि दोन्ही कानांत वाकून पाहिलं. भुंगा नव्हता. मग तुम्ही विचारलंत, ताप येतो का, पुडी घेतेस का. मी मान हलवली. कुठे घेतेस, बापाकडे की आईकडे? मी आजूबाजूला पाहिलं. ज्या गोष्टी सांगायच्या नसतात त्यातली ही होती. पण तुम्ही ना इकडचे ना तिकडचे, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही असं मला वाटलं. म्हणाले, "आठे बी, तठे बी." इथेही आणि तिथेही. मास्तर, मोठं माणूस भिऊन गेलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. कोयनेल दुप्पट झालं की कान जातात हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही टपालाच्या पिशवीवर मटकन बसलात. शाळा त्या दिवशी लवकर सुटली.

गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत बाप तुमच्या ओसरीशी येऊन ओरडत होता, "त्या घरमा पोरले जहर दी ऱ्हायनात! आते मी तिले तठे धाडाव नही!" दुसऱ्या दिवशी पल्याडहून आईचा निरोप आला, की एकदा पोरगी तिच्याकडे आली की तीही परत पाठवणार नाही, पोर काय एकट्या बापाची आहे का. मी घरात खांबाला धरून बसले होते. कानात भुंगा होता, तरी एवढं कळत होतं की दोन्ही काठांपैकी एक आता जाणार. कुठला जावा, हे मला कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? मी दोन दिवस जेवले नाही. बापाला वाटलं ताप आहे.

तुम्ही दोघांना रविवारी शाळेत बोलावलंत, शाळा बंद असताना. आई मामाबरोबर नावेतून आली. तुम्ही मामाला देवळाच्या पारावर बसवून ठेवलंत आणि आईला एकटीला आत आणलंत. तो प्रसंग माझ्यासमोर आजही तसाच आहे. बाप भिंतीकडे तोंड करून बसलाय. आई दाराशी, पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढून. मी मधे, तुमच्या मेजापाशी. तुम्ही आधी हात जोडता आणि म्हणता, "दोन्ही घरच्या पुड्या मीच विकल्या. कुणासाठी नेताय एवढं मी विचारलं नाही. पहिली चूक माझी." दोघंही चमकून तुमच्याकडे बघतात. मास्तराने हात जोडलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते. तुम्ही एकेक शब्द मोठ्याने, सावकाश उच्चारता, ते माझ्यासाठी, हे मला पुढे कळलं.

मग गाडं सुरू झालं तेच आडवळणाने; दोघांचा शब्द न् शब्द मला पुढे आईने सांगितला. आई म्हणे, "त्यासले सांगा मास्तर, मी पोरनी वैरी नही." बाप भिंतीला म्हणे, "मास्तर, तिले इचारा, तापमा पोरले कितलं दिधं?" तुम्ही म्हणालात, मी पोस्ट चालवतो, पण तोंडी टपाल घेत नाही, एकमेकांना सांगा. त्यावर आई माझ्याकडे वळली. "सांग व माय तुन्हा बापले..." आणि तुम्ही मेजावर हात आपटलात. "तिच्यामधून नाही! तिचे कान आधीच गेलेत." एवढं तुम्ही ओरडलात ते मला नीट ऐकू आलं. बापाने तोंड उघडलं आणि मिटलं. आईने पदराचं टोक चावलं.

मग तुमच्या लक्षात आलं ते कुणाच्याच आलं नव्हतं. घाटावरच्या माणसाला ते कसं सुचलं कोण जाणे. राग तर त्यांचा होताच, पण त्यांच्याकडे हाक नव्हती. बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, नवराही तिचं घेत नसे. संसारात असताना आई बापाला "आयकं का" म्हणायची. काडी मोडल्यावर तसं म्हटलं तर लोक काय म्हणतील? नाव घ्यावं तर त्याहून वाईट. दीर म्हणावं, भाऊ म्हणावं, तर कसं म्हणावं? दोन माणसं समोरासमोर बसलेली आणि एकमेकांना हाक मारायला शब्दच नाही. तुम्ही विचारलंत, "हिला तुम्ही काय म्हणता?" बाप गप्प. "आणि तुम्ही यांना?" आईही गप्प. तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "काडी मोडली ती नवरा-बायकोची. ही पोरगी कुणी मोडली नाही. हा पोरीचा बाप, ही पोरीची आई. आजपासून तुम्ही हीच हाक मारायची." आणि मग, दोघांना नीट समजावं म्हणून, तुमच्या त्या भयंकर अहिराणीत, "पोरना बाप शे. पोरनी माय शे. शे ना?"

आईला हसू आलं. पदराआड आलं, पण खांदे हलले ते मला दिसलं. मग तिने घसा खाकरला आणि भिंतीकडे बसलेल्या माणसाच्या पाठीला म्हणाली, "पोरना बाप, ताप उना तवय तुम्ही कितलं कोयनेल दिधं?" बाप वळला. किती दिवसांनी त्याने तिच्याकडे तोंड केलं असेल! "तीन दिन दिधं, पोरनी माय. तू बी देस, मले काय मालूम?" आई म्हणाली, "मले तरी काय मालूम?" एवढंच. पण दोघंही रडायला लागले आणि तुम्ही उगाचच शिक्क्याची पेटी उघडून आत काहीतरी शोधत बसलात.

लोकांना वाटलं, आता संसार पुन्हा जुळणार. पंचांपैकी एकाने तर मुहूर्ताचीही भाषा काढली. तुम्ही त्याला हाकलून दिलंत. तुम्ही म्हणालात, त्यांचं जे मोडलं ते त्यांचं त्यांना ठाऊक, त्यात आपण पडायचं नाही, पोरीपुरतं दोघांनी बोलायचं. आणि ते बोलू लागले. शनिवारी बाप मला धक्क्यावर घेऊन यायचा, आई नावेतून उतरायची, आणि पाण्याच्या कडेला उभ्याउभ्या त्यांचं चालायचं. पोरनी माय, तिले रातले खोकला शे. पोरना बाप, तिना परकर आखूड व्हयना, नवा लागस. कधी भांडायचेही. एकदा माझ्या केसांत उवा कुठल्या घरच्या यावरून असे जुंपले की नावाड्याने नाव सोडून दिली आणि आई संध्याकाळपर्यंत अलीकडेच अडकली. पण भांडले ते एकमेकांशी. मला मधे घेतलं नाही. दोघंही तुम्हाला आता काही ना काही पाठवायला लागले. आईचं भरीत, बापाच्या शेतातल्या मिरच्यांचा ठेचा. तुम्हाला तिखट झेपायचं नाही. डोळ्यांतून पाणी काढत, नाक ओढत तुम्ही ते शाळेच्या ओसरीवर बसून खायचात आणि छान आहे, छान आहे म्हणायचात. आम्ही खिडकीतून बघून हसायचो.

माझा उजवा कान हळूहळू परत आला. डावा नाही आला. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. सासरी तर त्याचा उपयोगच झाला.

आणि पुढच्या वर्षीचा तो पूर. शुक्रवारी मला पुन्हा ताप भरला, बापाने कोयनेल दिलं, शनिवारी सकाळीही दिलं. तुमच्या नियमाप्रमाणे ते त्याने धक्क्यावर आईला सांगायचं. पण त्या शनिवारी तो बैलाच्या औषधासाठी तळोद्याला गेलेला, आणि मला शेजारणीबरोबर नावेत बसवून दिलेलं. पल्याड पोचेपर्यंत मी ग्लानीत होते. रविवारी तापी फुगली. नाव बंद. बाप सोमवारी कसाबसा घरी पोचला आणि त्याला कळलं की पोरगी तापातच तिकडे गेलीय आणि इथे काय दिलं, किती दिलं हे तिच्या आईला कुणी सांगितलेलंच नाही. आई देत बसणार, पुन्हा दुप्पट होणार, आता दुसराही कान जाणार. तो तसाच नदीच्या घाटावर धावला.

आमच्या मामाचं घर अगदी काठावर होतं, अंगणातून पलीकडचा घाट दिसायचा. पावसाने उघडीप दिली होती आणि ऊन पडलं होतं. दोन दिवस बापाच्या निरोपाची वाट बघून आईने शेवटी पुडी काढून केळं सोललं होतं, तेवढ्यात मामा ओरडत आला की पल्याड काहीतरी गडबड आहे. आई मला कडेवर घेऊन, वाकळीत गुंडाळून बाहेर आली. बापाने हाका मारल्या, पण नदी इतकी रुंद आणि इतकी गरजत होती की एका माणसाचा आवाज कुठला पोचतोय. तेव्हा घाटावर जमलेल्या माणसांनी एका रांगेत उभं राहून एकदम हाक दिली. पाटील, न्हावी, नावाडी, देवळातले गुरव, शाळेतली मोठी पोरं. "पोरनी माऽऽय! कोयनेल देऊ नकोऽऽ! आमीन दिधं शेऽऽ!" सगळ्या गावाने माझ्या आईला त्या हाकेने हाक मारली. तुम्हीही होतात. छत्री बगलेत धरून तुम्ही "पोरीची आऽऽई" असं ओरडत होतात आणि शेजारची माणसं तुम्हाला कोपराने ढोसत होती, असं बाप पुढे सांगून सांगून हसायचा. तुमची ती शुद्ध हाक नदीच्या मध्यापर्यंतही गेली नसेल. आई पाण्याच्या कडेपर्यंत गेली, मला मामाकडे न देता, आणि छाती फुटेस्तोवर ओरडली, "आयकं, पोरना बाऽऽप! नही देस!" मग तिने मुठीतली पुडी पदराच्या टोकाला बांधून टाकली.

त्यानंतर दोन वर्षांनी तुमची बदली तळोद्याकडे झाली. आईने पुढे पाट लावला, बापानेही दुसरी केली, आणि तरी माझ्या लग्नात दोघं एका मांडवात होते, पोरना बाप आणि पोरनी माय, लाडू कमी पडतील का यावर वाद घालत. तुम्हाला पत्रिका पाठवायची होती, तर तुम्ही गेल्याचं कळलं. आमच्या तिघांपैकी तुमचे कुणीच कधी नीट आभार मानले नाहीत. आमच्याकडे तशी पद्धतच नव्हती, ठेचा पाठवायची होती.

उद्या मी मुलाला आणि सुनेला दोघांनाही जेवायला बोलावलं आहे. पोरीला शेजारी खेळायला पाठवीन आणि त्यांना ही पुराची गोष्ट सांगीन. ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले, आणि प्रत्येक वेळी असंच सांगितलं की अख्ख्या गावाची ती हाक मी माझ्या कानांनी ऐकली. मास्तर, मी काही ऐकलं नाही. दोन दिवसांच्या कोयनेलने कानात पुन्हा तो भुंगा होता आणि वर नदी होती. मला पलीकडे तोंडाशी हात धरलेली माणसं दिसली, इवलीइवली. आईच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या दिसल्या. ती कुणाशी बोलतेय हे कळलं, आणि आपल्याला आता कुणाला काही सांगायचं नाही हेही कळलं, आणि मी तिच्या खांद्यावर झोपून गेले. उद्या मात्र ऐकली असंच सांगणार आहे.